एक एमसीबी पडली की अख्खी शेड अंधारात: उद्यमबागच्या पॅनेलच्या नोंदी

आमची शेड बेळगावच्या उद्यमबागमध्ये आहे. शेजारच्या फाउंड्रीतून पंपांची बिडाची कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. तीन सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), ड्रिल, ग्राइंडर आणि ३० एचपीचा कॉम्प्रेसर. ट्रान्सफॉर्मर स्वतःचा, २५० केव्हीए, ११ केव्हीवरून ४३३ व्होल्ट. मेन पॅनेलला ४०० अँपिअरचा एमसीसीबी इनकमर (अख्ख्या शेडचा मुख्य ब्रेकर) आणि त्याखाली पाच फीडर (एकेका भागाचे ब्रेकर). सीएनसीच्या बाजूचा फीडर १२५ अँपिअरचा. तिथून ४५ मीटरवर एक डीबी (वाटपाची पेटी) आहे, त्यात ३२ आणि ४० अँपिअरच्या एमसीबी, म्हणजे एकेका मशीनचे छोटे ब्रेकर. मेंटेनन्स माझ्याकडे. पॅनेलच्या आतलं काम लायसन्सवाले ठेकेदार मामा करतात, मी सोबत असतो. एका मशीनवर शॉर्ट झाला की फक्त तिची एमसीबी पडायच्या ऐवजी अख्खी शेड बंद, ही आसपासच्या दोन-तीन शेडवाल्यांचीही तक्रार आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

११ सप्टेंबर

दुसरी पाळी, रात्री साडेनऊ. दोन नंबरच्या लेथमध्ये केबल जिथून आत शिरते तिथं कूलंट झिरपून ग्लँड (केबलचं सील) कुजला होता. फेज-फेज शॉर्ट. डीबीतली ३२ ची एमसीबी पडली, हे बरोबर. पण १२५ चा फीडर पडला आणि ४०० चा इनकमरही पडला. अख्खी शेड बंद.

व्हीएमसीवर बोअरिंग चालू होतं, टूल जॉबातच अडकलं. एक जॉब भंगारात, दोन इन्सर्ट तुटले, सगळ्या मशीनला परत रेफरन्स द्यायला लागला. पाऊण तास गेला. मशीनवरचा पोरगा पिरनवाडीचा, म्हणाला, "अण्णा, पंधरवड्यात तिसऱ्यांदा झालंय हे." मी आधीच्या दोन वेळा वहीत लिहिल्या नव्हत्या. चूक माझी.

१२ सप्टेंबर

मामांना बोलावलं. त्यांचं मत, इनकमर जुना झालाय, कमजोर पडलाय, नवीन घाला. मला पटलं नाही. कमजोर असता तर लोडवरच पडला असता. टाँग टेस्टरनं (वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) तिन्ही फेज बघितले, सगळं चालू असताना जास्तीत जास्त २४० अँपिअर. ४०० चा ब्रेकर त्यावर पडणार नाही.

"३६ केएचा आहे, मग शॉर्टला का पडतोय?" असंही मी मामांना विचारलं. आता लिहिताना हसू येतं. ३६ किलोअँपिअर म्हणजे तेवढा करंट तो न फुटता तोडू शकतो, एवढंच. तो कधी पडेल, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

१५ सप्टेंबर

वही-पेन्सिल घेऊन बसलो. २५० केव्हीएचा पूर्ण लोडचा करंट ३३३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर इम्पिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा) ४.५ टक्के. ३३३ ला ०.०४५ नं भागलं की ७.४ किलोअँपिअर. पॅनेलच्या बसबारवरच (करंट वाटणाऱ्या जाड पट्ट्या) तिन्ही फेज चिकटले तर यापेक्षा जास्त करंट येणं नाही.

पण केबल मध्ये आली की आकडा झपाट्यानं उतरतो. डीबीपर्यंत ५० स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियम केबल ४५ मीटर, तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.६४ ओहम. डीबीवर शॉर्ट झाला तर साधारण ४.८ किलोअँपिअर. तिथून लेथपर्यंत ६ स्क्वेअरची कॉपर १० मीटर, मग मशीनच्या तोंडावर ३.२. फेज-फेज असेल तर त्याच्या ८७ टक्के, म्हणजे २.८.

आता ब्रेकर. ३२ ची सी कर्व्ह एमसीबी पाचपट ते दहापट करंटवर लगेच पडते, म्हणजे फार तर ३२० ला. १२५ चा फीडर फिक्स दहापटीचा, १२५० ला. इनकमरवर मॅग्नेटिकची चकती आहे, ५ ते १०; रेटिंगच्या किती पट करंटला लगेच पडायचं, ते ती ठरवते. ती कितीवर आहे, हे एवढ्या वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं.

१६ सप्टेंबर

टॉर्च मारून बघितलं. चकती ५ वर, बहुतेक कंपनीतून आली तशीच. ५ गुणिले ४०० म्हणजे २००० अँपिअर. मशीनवरचा शॉर्ट २८०० चा. एमसीबी, फीडर आणि इनकमर, तिघांच्याही मर्यादेच्या वरचा. तिघांनाही एकाच क्षणी "पड" असा हुकूम मिळत होता. मग कुणाचे कॉन्टॅक्ट आधी सुटतात, एवढाच प्रश्न राहतो, आणि कधी कधी तिघांचेही सुटतात.

चकती १० वर फिरवायची, खर्च शून्य. पण मामांनी आधी ट्रान्सफॉर्मरपासून पॅनेलपर्यंतची केबल आणि बसबार बघायला लावले, वरची मर्यादा वाढवली की त्यांच्यावर ताण जास्त येतो म्हणून. त्यांचं बरोबर होतं. केबल जाड आहे, चालेल. शटडाऊन घेऊन, लॉक लावून चकती फिरवली. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी पाच दिवस गेले.

२७ सप्टेंबर

एक नंबरच्या लेथची कूलंट मोटर जळाली. एमसीबी पडली, १२५ चा फीडरही पडला, इनकमर राहिला. अर्धी शेड चालू राहिली. अर्धं यश म्हणायचं.

फीडर का पडला, याचं उत्तर शोधायला वेळ लागला. मॅग्नेटिकची मर्यादा ओलांडल्यावर आकड्यांचा हिशोब संपतो. पुढं एमसीबी करंटला वर चढायच्या आत किती लवकर छाटते आणि तेवढ्या झटक्यात वरच्याचं कुलूप उघडतं का, यावर सगळं ठरतं. हे कर्व्हच्या कागदावर दिसत नाही. निर्माते प्रयोगशाळेत जोड्या तपासून तक्ते छापतात: वर हा ब्रेकर, खाली ही एमसीबी, इतक्या करंटपर्यंत फक्त खालची पडेल. आमच्या फीडरचा तक्ता मिळाला, पण त्यात खाली त्याच कंपनीच्या एमसीबी. आमच्या डीबीत दुसऱ्याच कंपनीच्या, त्याही दोन वेगवेगळ्या, जी स्वस्त मिळाली ती. भेसळीचा तक्ता कुणी छापत नाही.

सहा थ्री-पोल एमसीबी बदलल्या, फीडरच्याच कंपनीच्या. ६,६०० रुपये. तक्त्यात ३२ आणि ४० ची सी कर्व्ह १२५ खाली पूर्ण करंटपर्यंत चालते असं आहे. सीएनसीच्या कपाटात आत अजून १६ च्या एमसीबी आहेत. ती आणि ३२ ची दोन्ही पडतात, मशीन एकच असल्यानं काही बिघडत नाही. तिथं हात लावला नाही.

१० ऑक्टोबर

खंडेनवमीची सफाई. शेजारच्या फाउंड्रीची काळी भुकटी पॅनेलमध्ये किती साठते, हे एकदा येऊन बघण्यासारखं आहे. बोट फिरवलं की काजळ. ब्लोअरनं नुसती उडवू नका, ती कॉन्टॅक्टरमध्ये जाऊन बसते. व्हॅक्यूमनं ओढून घेतली. डीबीच्या दाराचं रबर गेलंय, ते पूजेनंतर बघू म्हटलं.

१९ ऑक्टोबर

रबर बघितलं नाही. त्या फटीतून पाल आत गेली आणि डीबीच्या बसबारवर आडवी झाली. मोठा आवाज, दार काळं. फीडर पडला, ते त्याचं कामच. पण इनकमरही पडला.

डीबीवरचा शॉर्ट ४.८ किलोअँपिअर, इनकमर आता ४००० ला. परत तेच. चकती याच्या पुढं जात नाही. म्हणजे फुकटचा उपाय इथं संपला.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारून केबल ठीक निघाली. डीबीचा बसबार बदलला, २,८०० रुपये. रबर ९० रुपयांचं.

२१ ते २५ ऑक्टोबर

मुद्दा इथं कळला. आमच्या इनकमरला थांबणं माहीतच नाही. मर्यादा ओलांडली की तो तोडतो. खालच्याला आधी पडू द्यायचं तर वरच्यानं शॉर्टचा करंट अंगावर घेऊन थोडा वेळ, समजा १०० मिलिसेकंद, गप्प बसायला पाहिजे. आणि तेवढ्यात त्याचे कॉन्टॅक्ट वितळता कामा नयेत.

आयएस/आयईसी ६०९४७ च्या भाग २ मध्ये ब्रेकरचे ए आणि बी असे वर्ग केलेत ते याच कारणानं. ए वर्गाला शॉर्टसाठी मुद्दाम ठेवलेला उशीर नसतो. बी वर्गाला तो ठेवता येतो, आणि थांबलेल्या काळात तो किती करंट सहन करेल हे लेबलवर लिहावं लागतं, आयसीडब्ल्यू म्हणून. २५०० अँपिअरपर्यंतच्या ब्रेकरला हा आकडा रेटिंगच्या १२ पट किंवा ५ किलोअँपिअर, यातला जो मोठा त्याहून कमी चालत नाही. ४०० ला १२ पट म्हणजे ४.८, म्हणून किमान ५.

हे सगळं मी वाचलं २४ तारखेच्या रात्री. ब्रेकर घेऊन बसलो होतो २२ लाच.

दुकानदाराला म्हटलं होतं, "सेटिंगवाला इनकमर पाहिजे, ४०० चा." त्यानं इलेक्ट्रॉनिक ट्रिपचा काढला. "मायक्रोप्रोसेसर हाय वो, कायबी सेट करा." ३१,५०० रुपये. घरी लेबल बघितलं, कोपऱ्यात बारीक अक्षरात कॅट. ए. ओव्हरलोड सेट होतो, इन्स्टंटेनियस सेट होतो, मधला उशीर नाहीच. डिस्प्ले बघून मी फसलो. डिस्प्ले असला म्हणून बी वर्ग होत नाही. खोकं फोडलेलं, दुकानदार परत घेईना. त्याला बोल लावत नाही, मी मागितलं तेच त्यानं दिलं.

२८ ऑक्टोबर

या वेळी कागदावर तीन ओळी लिहून नेल्या: बी वर्ग, आयसीडब्ल्यू ५ किलोअँपिअर एक सेकंद, शॉर्ट-टाइम डिले सेट होणारा. एसीबीचाही (मोठा एअर सर्किट ब्रेकर) भाव विचारला. छोट्या एसीबीचा आयसीडब्ल्यू आमच्या ७.४ च्या कितीतरी वर असतो, त्यानं प्रश्नच मिटला असता. पण तो आमच्या पॅनेलमध्ये मावत नाही, पॅनेलच नवीन करायला लागतं. भाव ऐकून चहा न घेताच उठलो.

बी वर्गाचा एमसीसीबी ४६,००० रुपये. फीडरच्या कंपनीचाच घेतला, तक्ता मिळावा म्हणून.

तक्ता बघून जरा हिरमोड झाला. वर हा ४०० चा, खाली आमचा १२५ चा, मर्यादा ४.८ किलोअँपिअर. त्यापुढं इनकमर स्वतःला वाचवायला थांबण्याचं सोडून लगेच पडतो. हे आत पक्कं बसवलेलं असतं, बंद करता येत नाही. म्हणजे पूर्ण नाही, अंशतः सिलेक्टिव्हिटी (फक्त खालचाच पडण्याची खात्री). डीबीवरचा आमचा आकडा ४.८ च्या काठावर. वरच्या ११ केव्ही लाईनचा इम्पिडन्स मी धरला नव्हता, तो धरला तर जरा खाली येतो. आणि पालीसारख्या आर्कमधून तेवढा करंट जात नाही.

पॅनेलच्या तोंडाशीच केबल फाटली तर इनकमर पडेल. पडू दे. बसबारजवळच्या सात हजार अँपिअरला १०० मिलिसेकंद पोसत बसणं मलाही नको.

१ नोव्हेंबर

दिवाळी आणि कर्नाटक राज्योत्सव एकाच दिवशी, शेड बंद. शटडाऊनला याहून चांगला दिवस नाही. एबी स्विच (११ केव्ही लाईन तोडायचा) उघडला, कुलूप लावलं, किल्ली मामांच्या खिशात. डिस्चार्ज करून, टेस्टर मारून मगच हात घातला.

जुन्या आणि नव्या ब्रेकरच्या टर्मिनलमधलं अंतर जुळेना. स्प्रेडर लिंक (अंतर जुळवणाऱ्या पट्ट्या) लागल्या, त्या आणलेल्याच नव्हत्या, आणि लक्ष्मीपूजनाला दुकान कोण उघडतंय. मामांनी ओळखीच्या पॅनेलवाल्याला घरून उठवून कॉपर पट्टी कापून घेतली. चार तास वाया. १,९०० रुपये आणि एक किलो कुंदा.

सेटिंग असं ठेवलं. ओव्हरलोड ०.८, म्हणजे ३२० अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या ३३३ च्या आत. शॉर्ट-टाइम त्याच्या ८ पट, २५६०. आमचा सर्वांत मोठा फीडर १६० चा, त्याचं मॅग्नेटिक १६००, त्यात २० टक्के वर-खाली धरलं की १९२०. त्याच्या वर अंतर राहिलं पाहिजे. उशीर १०० मिलिसेकंद. मामा ४०० म्हणत होते, "जास्त थांबला तर बरंच की." नाही. फीडर १०-२० मिलिसेकंदांत तोडून मोकळा होतो, त्याला १०० भरपूर झाले. उरलेला वेळ बसबार नुसता तापत राहतो.

जुन्या ब्रेकरवरची अंडरव्होल्टेज कॉइल (व्होल्टेज उतरलं की ब्रेकर पाडणारी) डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, इंटरलॉकसाठी होती: मेन सुटल्याशिवाय डीजी जोडला जाऊ नये म्हणून. त्याच कंपनीची नवी कॉइल घालून तीच वायरिंग जोडली. हे वाक्य लक्षात ठेवा.

२३ नोव्हेंबर

डीबीच्या इनकमिंग लगवर (केबलच्या टोकाचा जोड) बोल्ट ढिला राहिला होता, तापून जळाला आणि शेजारच्या फेजला चिकटला. फीडर पडला. आणि इनकमरही पडला.

रात्री अकरा वाजता मी पॅनेलसमोर खाली बसलो. ४६ हजार गेले, ३१ हजार गेले, आणि हे.

मामा सकाळी आले. ओरडले नाहीत, ट्रिप युनिटकडं बघत राहिले. नव्या युनिटला ओव्हरलोडचा आणि शॉर्टचा वेगळा दिवा आहे, कशानं पडला ते दाखवतो. दोन्ही विझलेले. मेमरीतही नोंद नाही. "ह्यानं सांगितलंच नाही पडायला," मामा म्हणाले. "दुसऱ्या कुणीतरी पाडलाय."

अंडरव्होल्टेज कॉइल. शॉर्ट चालू असताना बसबारवरचं व्होल्टेज खाली येतं. डीबीवरच्या शॉर्टला आमच्या हिशोबानं ते ६० टक्क्यांच्या आसपास उतरतं. ही कॉइल ७० टक्के ते ३५ टक्के या पट्ट्यात कुठंही सोडू शकते, तशीच बनवलेली असते. इनकमरचं डोकं शांतपणे १०० मिलिसेकंद मोजत होतं आणि कॉइलनं मागून पाय ओढला. आधी कधी हे दिसलं नाही कारण जुना ब्रेकर स्वतःच पडायचा, कॉइलवर संशय घ्यायची वेळच आली नाही.

३० नोव्हेंबर

कॉइलसाठी टाइम डिले मॉड्यूल मागवलं, ६,२०० रुपये, आठवड्यानं आलं. अर्ध्या सेकंदाचा उशीर ठेवला. डीजीचं इंटरलॉक तपासलं: मेन गेल्यावर इनकमर अर्ध्या सेकंदानं सुटतो, मगच चेंजओव्हर होतो. दहा वेळा करून बघितलं. डीबीचे सगळे लग टॉर्क रेंचनं आवळून त्यावर मार्करची रेघ ओढली.

मामांच्या हाताखालचा पोरगा कन्नड, त्याला डिलेचं कसं सांगावं या विचारात होतो. त्यानं बघितलं, म्हणाला, "स्वल्प तडेदु बिडोदु, अष्टे." थोडं थांबून सोडायचं, इतकंच. मी दोन पानं लिहिली होती.

४ डिसेंबर

डीजीवर काय होतं, याचाही हिशोब केला. १२५ केव्हीए, पूर्ण लोड १७४ अँपिअर. अल्टरनेटर शॉर्टमध्ये पहिल्या काही सायकल हजार-दीड हजार देतो, मग साधारण तिपटीवर येतो, म्हणजे ५२० च्या आसपास. ३२ ची एमसीबी तेवढ्यात पडते. पण १२५ चा फीडर १२५० ची वाट बघतो, तो नीट पडेल याची खात्री नाही, आणि मेन इनकमर तर त्या वेळी वाटेतच नसतो. डीजीचा स्वतःचा ब्रेकर आधी पडेल. डीजीवर आम्ही दोनच मशीन आणि लाईट चालवतो, म्हणून हे असंच सोडलं. ज्यांची शेड रोज चार तास डीजीवर असते त्यांनी सोडू नये.

१७ डिसेंबर

तीन नंबरच्या लेथचा चिप कन्व्हेयर केबलवर घासून शॉर्ट. रात्री पावणेदहा. मला फोन आला नाही. सकाळी वहीत ओळ होती: "३ नं. एमसीबी पडली. लाईट एकदा मिचकली. केबलला टेप लावून बाजूला ठेवली, बाकी चालू." व्हीएमसीवरचा जॉब पूर्ण होऊन तपासणीच्या टेबलावर होता.

२० डिसेंबर

आजवरचा खर्च: एमसीबी ६,६००, बसबार आणि रबर २,८९०, बी वर्गाचा इनकमर ४६,०००, पट्टी आणि कुंदा २,३००, डिले मॉड्यूल ६,२००. मजुरी वेगळी. ए वर्गाचे ३१,५०० यात धरलेले नाहीत, ते मालकांना अजून सांगायचंय.

तो खोक्यातला ब्रेकर वाईट नाही. ज्याच्या खाली थांबून बघण्यासारखं काही नाही, अशा एकट्या मोठ्या लोडवर ए वर्गच बरा, लगेच तोडतो. पलीकडच्या गल्लीतले फाउंड्रीवाले काका काल तो मागायला आले, इनकमरला लावतो म्हणून. म्हटलं, काका, आधी तुमच्या पॅनेलचा फोटो पाठवा, खाली काय काय आहे ते बघू. फोटो अजून यायचाय.